रिडंडन्सी पुन्हा पुन्हा तुटते: स्टँडबाय रॅक 'डीआयएसक्यू'वर का जातो

आधी लक्षण सांगतो. कंट्रोललॉजिक्स या पीएलसीची (प्लँट चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरची) रिडंडंट जोडी, म्हणजे एक पडला तर दुसऱ्याने कारभार घ्यावा असे दोन रॅक, ए आणि बी. दोन्हींत तोच प्रोसेसर, तीच इथरनेट कार्डं, त्याच स्लॉटमध्ये, आणि प्रत्येकी एक १७५६-आरएम२ रिडंडन्सी मॉड्यूल. सगळं ठीक असलं की ए रॅकच्या आरएम२वर 'पीआरआयएम' आणि बी रॅकच्या आरएम२वर 'एसवायएनसी' ही अक्षरं दिसतात. आमच्याकडे दर आठ-दहा दिवसांनी सकाळी बघावं तर बीवर 'डीआयएसक्यू'. म्हणजे सेकंडरी अपात्र. प्रायमरीला काही झालं तर हा धावून येणार नाही.

प्लँट मात्र चालूच. यातच सगळी गोम आहे. पंप बंद पडला की ऑपरेटर ओरडतो, पण स्टँडबाय मेला तर कुणालाच काही जाणवत नाही. शिफ्टचा इंजिनिअर सकाळी लॅपटॉप लावायचा, रिडंडन्सीच्या कॉन्फिगरेशन टूलमध्ये जाऊन सेकंडरी सिंक्रोनाइझ करायचं बटण दाबायचा, दोन-चार मिनिटांत 'एसवायएनसी' यायचं. लॉगबुकात ओळ पडायची: 'रिडंडन्सी नॉर्मल केली.' अशा ओळी मी नंतर मोजल्या. एका हंगामात अकरा.

जागा साखर कारखान्याच्या को-जनची (वीजनिर्मितीची), ६७ बारचा बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, चालणारा बॉयलर. कारखान्याचं नाव नको, आणि कंट्रोलरच्या कंपनीचा यात काडीचा दोष नव्हता हेही आधीच सांगतो. कार्डं निर्दोष होती. आम्ही त्यांतली तीन उगाच बदलली.

मग ती सकाळ आली. पावणेसहाला कॉन्ट्रॅक्टचा पोरगा पॅनेलमधली बगॅसची धूळ उडवायला ब्लोअर घेऊन आला. कंट्रोल रूमच्या पॅनेलमध्ये जवळचा सॉकेट होता तो यूपीएस-१चा. ब्लोअर लावला, एमसीबी पडली, रॅक ए काळा. आणि बी रात्रीपासून 'डीआयएसक्यू'वर. आयओ रॅकना (सेन्सर आणि व्हॉल्व्ह जोडलेल्या रॅकना) कंट्रोलर दिसेना, आउटपुट शून्यावर गेले, बॉयलरचे हवेचे आणि धुराचे आयडी-एफडी फॅन थांबले, बगॅस फीडर थांबले, टर्बाइन ट्रिप. ग्रेटवर (भट्टीतल्या जाळीवर) पडलेला बगॅस मात्र पीएलसीचं ऐकत नाही, तो जळतच राहतो. वाफ घ्यायला कोणी नाही म्हटल्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि त्याच्या आवाजाने कॉलनी जागी झाली. पुन्हा वाफ धरून गव्हाण सुरू होईपर्यंत दुपार झाली, आणि काट्यापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग. चेअरमन साहेबांचा प्रश्न साधा होता: "दोन घेतले होते ना? मग दुसरा कुठे होता?"

दोष कार्डाबरोबर फिरतो की जागेबरोबर

पहिली चूक आम्ही महिनाभर आधीच केली होती. बी सारखा पडतो म्हणजे बीचं आरएम२ खराब, असं धरून ते बदललं. पुन्हा पडला. मग बीचा प्रोसेसर बदलला. पुन्हा पडला. मग आणखी एक आरएम२. तिन्ही वेळा नवं कार्ड बसवलं की आठवडाभर बरं चालायचं. तो प्रकार आठवड्याने व्हायचाच होता, त्यामुळे प्रत्येक वेळी वाटायचं, सुटलं एकदाचं.

नवं कार्ड मागवायच्या आधी ए आणि बीमधली कार्डं आपापसात बदला. आम्ही हे सगळ्यात शेवटी केलं. बीचं आरएम२ एमध्ये आणि एचं बीमध्ये. नऊ दिवसांनी पुन्हा बीच पडला. कार्ड दुसरीकडे गेलं आणि दोष जागेवर राहिला. म्हणजे शोधायचं ते बी रॅकच्या भोवती: त्याची पॉवर, त्याची फायबर, त्याची नेटवर्क केबल, ती केबल जिथे जाते तो स्विच.

दुसरी चूक लॉग न बघण्याची. दोन्ही आरएम२ आपापला इव्हेंट लॉग ठेवतात. 'डीआयएसक्यू' दिसलं की हात बटणाकडे जायच्या आधी दोन्ही रॅकचे लॉग एक्सपोर्ट करून घ्या. दोन्हींचे, कारण एक रॅक म्हणतो "जोडीदार गेला" आणि दुसरा सांगतो का गेला. आमच्या लॉगात बहुतेक वेळी आधी बीच्या एका इथरनेट कार्डाची तक्रार होती, की जोडीदार कार्ड त्याच नेटवर्कवर दिसत नाही. अपात्रता त्यानंतर. ही ओळ महिनाभर तिथे पडून होती, कोणी वाचली नव्हती. मीही नाही.

रिडंडंट रॅकमधलं कम्युनिकेशन कार्ड नेटवर्कवरून तुटलं की ती बाब गंभीर धरली जाते. प्रायमरीचं कार्ड तुटलं तर स्विचओव्हर होतो, सेकंडरीचं तुटलं तर सेकंडरी अपात्र ठरतो. बरोबरच आहे. ज्याला स्काडाशी (ऑपरेटरच्या स्क्रीनशी) बोलता येत नाही त्याच्या हातात बॉयलर द्यायचा कशाला?

साडेपाच तास

मग प्रश्न, बीचं इथरनेट तुटतं कधी? लॉगातल्या वेळा बघितल्या तर ताळमेळच बसेना. कधी रात्री साडेआठ, कधी बारा चाळीस, कधी पहाटे. इलेक्ट्रिकलच्या लॉगबुकाशी ताडून बघितलं, एकही नोंद जुळेना. दोन दिवस मी एसी, उंदीर, वॉकी-टॉकी, वेल्डिंग असं काय काय धरून बसलो होतो.

आमच्याकडे इन्स्ट्रुमेंटचा एक जुना फिटर आहे, सगळे त्याला मामा म्हणतात. तो चहा घेता घेता म्हणाला, "साहेब, मला तर ट्यूब मिचकावल्या की हे होतं असं वाटतं."

"मामा, पण वेळ जुळत नाही ना."

"घड्याळ कुणी लावलंय त्याचं?"

आरएम२ला स्वतःचं घड्याळ असतं आणि ते टूलमधूनच लावावं लागतं. बघितलं तर साडेपाच तास मागे. सुरुवातीला कमिशनिंगला आलेल्याने ते भारतीय वेळेवर आणलंच नव्हतं, ग्रिनिचच्या वेळेवर ठेवून गेला होता. सगळ्या अकरा नोंदींत साडेपाच तास मिळवले आणि इलेक्ट्रिकलचं रजिस्टर पुन्हा उघडलं. नऊ नोंदी मिनिटाला जुळल्या. प्रत्येक वेळी ग्रिडला झटका होता, किंवा आमचं टीजी (टर्बाइन-जनरेटर) ग्रिडपासून तुटून एकटं चालू लागलं होतं. अशा वेळी बसचं व्होल्टेज क्षणभर खाली जातं, लायटिंग डीबीचा (दिव्यांच्या वितरण बोर्डाचा) काँटॅक्टर सुटतो आणि लगेच धरतो. ट्यूब मिचकावतात. मामाचं बरोबर होतं.

आणि "हे रात्रीच होतं" हा जो समज होता तोही उडाला. अकरांपैकी चार चक्क दिवसा झाले होते. डिस्प्लेकडे बघण्याची वेळच सकाळची, म्हणून ते आदल्या रात्रीच्या नावावर गेले.

पण पीएलसीचे रॅक तर यूपीएसवर. मग लायटिंगचा झटका बीला कसा लागतो? केबल धरून धरून गेलो. बीच्या इथरनेट कार्डापासून निघालेली केबल पॅनेलच्या मागे एका छोट्या प्लास्टिकच्या स्विचमध्ये जात होती. ऑफिसात टेबलावर ठेवतात तसला. आधीचा रेलवर बसणारा औद्योगिक स्विच दोन हंगामांपूर्वी जळाला, तेव्हा 'तात्पुरता' म्हणून हा लावलेला. त्याचा बारा व्होल्टचा ॲडॅप्टर पॅनेलच्या दिव्याशेजारच्या सॉकेटमध्ये खोचलेला, वरून केबल टायने आवळून पक्का केलेला. तो सॉकेट लायटिंग डीबीवर. ट्यूब मिचकावल्या की हा स्विच रीस्टार्ट व्हायचा, पाऊण मिनिट बीचं इथरनेट गायब, सेकंडरी अपात्र.

दोन प्रोसेसर, दोन यूपीएस, लाखांची रिडंडन्सी, आणि ती उभी होती एका ॲडॅप्टरवर.

एक गंमत लॉगातच सापडली. त्या नऊपैकी एका वेळी प्रायमरी बी होता. झटका आला, बीचं इथरनेट गेलं, एने कारभार हातात घेतला, बॉयलरला पत्ताही लागला नाही. म्हणजे यंत्रणा अगदी शिकवल्याप्रमाणे वागत होती. फक्त त्यानंतर बी कायमचा बाजूला बसला.

बी आपोआप परत का येत नव्हता

स्विच पाऊण मिनिटात परत यायचा, मग बीनेही परत सिंक व्हायला हवं होतं. झालं नाही, कारण टूलमध्ये ऑटो-सिंक्रोनायझेशन 'नेव्हर'वर होतं. हे सेटिंग तीन प्रकारचं असतं: ऑलवेज, नेव्हर, कंडिशनल. फर्मवेअर बदलताना ते 'नेव्हर'वर ठेवायचं असतं, नाहीतर अर्धवट बदललेले रॅक मध्येच एकमेकांशी जुळायला बघतात. ऑफ-सीझनला आम्ही फर्मवेअर बदललं आणि ते परत 'ऑलवेज'वर आणायचं राहून गेलं. तुमच्याकडे सेकंडरी दर वेळी हाताने जागा करावा लागत असेल तर कार्ड, केबल काहीही बघायच्या आधी हे सेटिंग बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

पण फक्त 'ऑलवेज' करून गप्प बसू नका. मग बी दर झटक्याला पडेल आणि आपोआप उठेल, तुम्हाला कळणारही नाही, आणि नेमका त्या दोन मिनिटांत ए गेला तर पुन्हा तीच सकाळ. मूळ कारण काढा, मग 'ऑलवेज' करा.

उरलेल्या दोन नोंदींत तक्रार इथरनेटची नव्हती, आरएम२मधल्या फायबरची होती. आरएम२ला फायबरचे दोन पोर्ट असतात, मुद्दाम दोन, एक तुटली तरी दुसरीवर सिंक राहावं म्हणून. आमच्याकडे एकच जोडलेली, दुसऱ्यावर कारखान्यातून आलेलं रबरी टोपण तसंच. आणि ती एकुलती एक पॅच कॉर्ड पॅनेलच्या दाराच्या बिजागरीजवळून गेलेली, दार पूर्ण उघडलं की दबायची. त्या दोन्ही दिवशी पॅनेलमध्ये कोणी ना कोणी काम करत होतं. दुसरी फायबर आणली, वेगळ्या डक्टमधून टाकली.

सीमेन्सची एस७-४००एच वापरणाऱ्यांनाही हेच लागू. तिथे सीपीयूच्या तोंडावर आरईडीएफ दिवा लागला की रिडंडन्सी गेली असं समजायचं, आणि आयएफएम१एफ किंवा आयएफएम२एफ लागला तर कुठल्या सिंक मॉड्यूलकडे बघायचं तेही कळतं. दोन सिंक फायबर एकाच डक्टमधून एकत्र बांधून नेलेल्या मी पाहिल्यात. दिसायला सुबक, पण एकाच वेळी दोन्ही तुटायची सोय करून ठेवलेली. त्या वेगवेगळ्या मार्गानेच न्यायच्या असतात.

अलार्म होता की

स्काडावर रिडंडन्सीचा हिरवा-लाल ठिपका होता, 'सिस्टीम' नावाच्या पानावर. ते पान ऑपरेटर उघडत नाही, त्याने उघडावं तरी का? पहिल्या वर्षी अलार्मही होता, पण दर आठवड्याला वाजतो म्हणून कोणीतरी बंद केला.

आता असं केलंय. प्रोग्रॅममध्ये जीएसव्ही इन्स्ट्रक्शनने रिडंडन्सी ऑब्जेक्टमधून चॅसिसची स्थिती वाचतो. ती 'प्रायमरी आणि सिंक झालेला सेकंडरी' सोडून दुसरं काहीही असेल तर एक बिट लॅच होतो, म्हणजे स्थिती सुधारली तरी तसाच राहतो. ॲक्नॉलेज केला तरी दर अर्ध्या तासाने हॉर्न. ऑपरेटर वैतागतात. वैतागू देत, ते फोन करतात तोच उद्देश आहे. लॅच महत्त्वाचा, नाहीतर बी पडून उठला तर सकाळी खूणही राहत नाही.

खरं तोडून बघा

टूलमध्ये स्विचओव्हर करायची कमांड असते. कमिशनिंगच्या कागदावर 'फेलओव्हर टेस्ट ओके' लिहिलेलं असतं ते बहुतेक या कमांडवर. पण ही सभ्य टेस्ट झाली, दोन्ही रॅक तब्येतीने ठीक असताना एकाने दुसऱ्याला खुर्ची देणं. खरा फॉल्ट असा सांगून येत नाही.

आम्ही हंगाम सुरू व्हायच्या आधी, बॉयलर थंड असताना, एक अख्खा दिवस तोडातोडी केली. प्रायमरीची पॉवर एमसीबीवरून काढली. प्रायमरीची इथरनेट केबल उपसली. एक फायबर काढली, सिंक राहायला हवं, राहिलं. दोन्ही काढल्या, तेव्हा सेकंडरी अपात्र व्हायला हवा आणि प्रायमरीने तसंच चालत राहायला हवं. यूपीएस-१ बंद केला. यूपीएस-२ बंद केला. शेवटी मामाने लायटिंग डीबीचा मेन स्विच दोनदा खाली-वर केला. काही झालं नाही. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे हसू होतं ते मी विसरणार नाही.

या दिवसात तीन गोष्टी निघाल्या, ज्या कमांडवर कधी दिसल्या नसत्या.

पहिली आयपीची. जोडीतल्या दोन इथरनेट कार्डांना एकच आयपी देतात. प्रायमरी तो घेतो आणि सेकंडरी त्याच्या पुढचा, म्हणजे शेवटचा आकडा ५० असेल तर ५१. स्विचओव्हर झाला की पत्त्यांची अदलाबदल होते. हा पुढचा पत्ता मोकळा ठेवायचा असतो हे नेटवर्कच्या माणसाला माहीत नसतं. आमच्या दुसऱ्या जोडीच्या पुढच्या पत्त्यावर यार्डातल्या कॅमेऱ्याचा रेकॉर्डर बसवलेला सापडला. तो त्या दिवशी योगायोगाने बंद होता. आयपीच्या वहीत आता त्या ओळीवर लाल पेनाने 'राखीव, हात लावू नये' लिहिलंय.

दुसरी प्रोग्रॅमची. स्विचओव्हरच्या क्षणी आउटपुटला धक्का न बसण्याची हमी फक्त सगळ्यात वरच्या प्रायॉरिटीच्या टास्कमधल्या आउटपुटना मिळते. आमचं ड्रम लेव्हलचं (बॉयलरमधल्या पाण्याच्या पातळीचं) थ्री-एलिमेंट लूप खालच्या टास्कमध्ये होतं आणि वरच्यात होती अहवालाची टोटलायझर. फीड वॉटर व्हॉल्व्हचा आउटपुट स्विचओव्हरला हिसका मारायचा. जागा बदलल्या.

याच्याच शेजारचा एक धोका कुठल्याही तोडातोडीत दिसत नाही, म्हणून इथेच लिहितो. दोन्ही प्रोसेसरमध्ये प्रोग्रॅम तोच असतो. ॲरेचा इंडेक्स मर्यादेबाहेर गेला, टाइप ४ कोड २०चा मेजर फॉल्ट आला, प्रायमरी पडला, तर सेकंडरी कारभार घेतो आणि तीच ओळ चालवून त्याच खड्ड्यात पडतो. ४ जून १९९६ला कुरूहून उडालेल्या पहिल्या एरियान ५ रॉकेटचं हेच झालं. इनर्शियल रेफरन्सच्या दोन यंत्रणा, हार्डवेअर तेच, सॉफ्टवेअर तेच, एक हॉट स्टँडबाय. ६४ बिटांचा एक फ्लोटिंग आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात बसेना म्हणून आधी स्टँडबाय बंद पडला आणि साधारण ५० मिलिसेकंदांनी चालूही त्याच कारणाने. मुख्य इंजिन पेटवायला सुरुवात होऊन जेमतेम ३७ सेकंद झाले होते. रिडंडन्सी तुटणाऱ्या कार्डासाठी असते, चुकणाऱ्या प्रोग्रॅमसाठी नाही. ॲरेत हात घालण्याआधी इंडेक्स तपासणारी एक ओळ टाका.

तिसरी अजून सुटलेली नाही. स्विचओव्हरला आयपी तोच राहतो पण त्यामागचं कार्ड, म्हणजे मॅक पत्ता, बदलतो. नवा प्रायमरी तसं नेटवर्कवर जाहीर करतो आणि बहुतेक उपकरणं ते ऐकतात. बगॅस वजनकाट्याचा आमचा जुना मॉडबस गेटवे ऐकत नाही. तो आपल्या एआरपीच्या (कुठला आयपी कुठल्या कार्डाचा याच्या) जुन्या नोंदीला धरून बसतो आणि गेलेल्या कार्डाशी बोलत राहतो, ती नोंद शिळी होईपर्यंत. तेवढा वेळ स्काडावर वजन गोठलेलं. त्याच्या सेटिंगमध्ये ही वेळ कमी करायची सोय नाही. नवा गेटवे मागवायची फाइल स्टोअरकडे गेली आहे आणि मोळीपूजनाच्या आधी यायला हवा. तोवर पॅनेलच्या दारावर आतून चिठ्ठी लावलीय: स्विचओव्हर झाल्यास गेटवेचा फ्यूज काढून पुन्हा लावावा, आणि लॉगबुकात घड्याळ बघून वेळ लिहावी.